शाळेच्या वेबसाइटवरचं ‘पब्लिक डिस्क्लोजर’: आधी फाइल, मग पान

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक महापालिकेच्या हद्दीतली विनाअनुदानित सीबीएसई शाळा. वेबसाइट तीन वर्षांपूर्वी बाहेरच्या डेव्हलपरने करून दिलेली. आता बोर्डाचा ईमेल आलाय की मॅन्डेटरी पब्लिक डिस्क्लोजर (शाळेने आपली माहिती आणि कागद वेबसाइटवर सक्तीने जाहीर करणं) अपुरं आहे, मुदतीत पूर्ण करा. काम कॉम्प्युटरच्या शिक्षिकेकडे आलंय. त्या विचारतात: नेमकं काय टाकायचं, कुठून सुरुवात करायची, आणि दर वर्षी हीच धावपळ होऊ नये म्हणून काय करायचं?

मॅडम, हे काम वेबसाइटचं म्हणून तुमच्याकडे आलंय, पण त्याचा मोठा भाग ऑफिसच्या कपाटात आहे. म्हणून आजच अपलोड करायला बसू नका. आधी हेडक्लार्कबरोबर एक पूर्ण दिवस बसा, मान्यतेच्या सगळ्या फाइली बाहेर काढा आणि एक साधा तक्ता करा: कागदाचं नाव, जावक क्रमांक, कोणी दिला, कोणाच्या नावाने दिला, दिल्याची तारीख, मुदत संपायची तारीख, आणि नूतनीकरणाचा पाठपुरावा कोण करतं. पुढचं सगळं या तक्त्यावरून होतं. तो नसेल तर हाताला लागेल ती पीडीएफ चढवली जाते आणि सहा महिन्यांनी पुन्हा ईमेल येतो.

बोर्डाला काय हवंय ते संलग्नता उपविधींच्या (शाळा बोर्डाला जोडण्याच्या नियमांच्या) परिशिष्ट ९ मध्ये ठरलेलं आहे. ए ते ई असे पाच भाग आहेत: शाळेची सर्वसाधारण माहिती, कागदपत्रं, निकाल व शैक्षणिक माहिती, शिक्षकवर्ग आणि भौतिक सुविधा. या नमुन्यात आपलं डोकं चालवू नका. क्रम, अनुक्रमांक आणि रकान्यांची नावं जशीच्या तशी ठेवा. तपासणारा माणूस एका दिवसात पुष्कळ शाळांची पानं पाहतो, तो ठरलेल्या जागी ठरलेली गोष्ट शोधतो. तुम्ही फायर सर्टिफिकेट ‘आमच्या सुविधा’ या पानावर ठेवलंत तर त्याच्या दृष्टीने ते टाकलेलंच नाही. पाचही भाग एकाच पानावर असावेत आणि त्या पानाचा दुवा मुख्य पानाच्या वरच्या मेनूत सरळ दिसावा. तळाशी बारीक अक्षरांत किंवा ‘अबाउट अस’च्या पोटात तिसऱ्या पातळीवर नको. लॉगिन तर अजिबात नको. आणि तक्ते मजकूर म्हणून टाइप करा. वर्डमध्ये तक्ता करून त्याचा फोटो चिकटवला की मोबाइलवर वाचता येत नाही, आणि दृष्टिहीन पालकाच्या स्क्रीन रीडरला तिथे काहीच सापडत नाही.

पहिला भाग सोपा वाटतो, पण चुका तिथूनच सुरू होतात. संलग्नता क्रमांक आणि शाळा कोड हे दोन वेगळे आकडे आहेत. महाराष्ट्रातल्या शाळांचा संलग्नता क्रमांक सात आकडी असतो आणि ११३ ने सुरू होतो. शाळा कोड पाच आकडी असतो, तो परीक्षेच्या कामात लागतो. यू-डायस क्रमांक (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीतला) तिसराच: अकरा आकडी, नाशिक जिल्ह्याचा २७२० ने सुरू होणारा. या तिघांची अदलाबदल केलेली पानं सर्रास दिसतात. पिनकोडही टपालाच्या पाकिटावरून पडताळून घ्या. नाशिकरोडच्या पत्त्याला ४२२१०१ ऐवजी शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाचा ४२२००१ लावलेला असतो. शहराचं इंग्रजी स्पेलिंगही बघा. जुन्या कागदांवर ते एकट्या ‘एस’ने आहे, नव्यांवर ‘एसएच’ने. संलग्नतेच्या पत्रात जे आहे तेच पानावर घ्या. प्राचार्य बदलले असतील तर फक्त पानावर नाव बदलून भागत नाही, बोर्डाच्या ‘सरस’ या संलग्नतेच्या पोर्टलवरही ते बदललेलं हवं. पानावर नवे प्राचार्य आणि पोर्टलवर जुने असले की दोन्हींतलं एक खोटं ठरतं.

आता कागदपत्रांचा भाग. इथे मी मुद्दाम रेंगाळतो, कारण नोटिसा मुख्यतः याच भागावरून येतात.

संलग्नतेचं पत्र दोन प्रकारचं लागतं: मूळ संलग्नता किंवा दर्जावाढ (वरचे वर्ग जोडण्याची परवानगी), आणि सर्वांत अलीकडची मुदतवाढ. फ्रेम करून प्राचार्यांच्या केबिनमध्ये लावलेलं जुनं पत्र टाकून थांबू नका. पत्रावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ असं लिहिलेलं असतं, आजची तारीख त्या दोहोंच्या मध्ये यायला हवी.

संस्थेच्या नोंदणीत नाशिकच्या धर्मादाय कार्यालयाचं प्रमाणपत्र येतं. आपल्याकडे बहुतेक शिक्षण संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. असं असेल तर दोन्ही प्रमाणपत्रं एकाच पीडीएफमध्ये जोडा. नाव अक्षरशः जुळवून पाहा. संलग्नतेच्या पत्रावर ‘शिक्षण संस्था’ आणि प्रमाणपत्रावर ‘शिक्षण प्रसारक मंडळ’ असेल तर मध्ये नाव बदलल्याचा कागद कुठेतरी असणार, तोही जोडा. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात तशी नोंद करण्याचा फेरफार अर्ज दाखल आहे का, मंजूर आहे का, हे सचिवांना विचारा. कारण पुढे ज्यांची सही प्रत्येक कागदावर लागणार आहे, ते कागदोपत्री पदाधिकारी असायला हवेत.

राज्य शासनाची ना-हरकत आणि इरादापत्र यांत गल्लत होते. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली आधी इरादापत्र मिळतं, मग परवानगी. इरादापत्र म्हणजे ‘अटी पुरवल्यात तर परवानगी देऊ’ एवढंच. ना-हरकतीच्या जागी ते ठेवलं तर तो रकाना रिकामाच धरला जातो. आरटीई (शिक्षण हक्क कायद्याखालची) मान्यता, म्हणजे आपण जिला स्वमान्यता म्हणतो ती, साधारण तीन वर्षांसाठी असते. पहिली ते आठवीचे वर्ग असतील तर तिची चालू मुदतीची प्रत लागते. शिक्षण विभागातल्या टेबलावर प्रस्ताव अडकतो हे खरं आहे, म्हणून मुदत संपायच्या सहा महिने आधी प्रस्ताव आवक करा आणि पोच जपून ठेवा.

अग्निसुरक्षेबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहे. इमारत पूर्ण झाली तेव्हा अग्निशमन विभागाने दिलेला अंतिम दाखला म्हणजे कायमचं फायर सर्टिफिकेट, असं पुष्कळ संस्थाचालक धरून चालतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. ऑफिसात ज्याला ‘बी फॉर्म’ म्हणतात तो हाच. म्हणून पानावर दोन्ही ठेवा: विभागाचा मूळ दाखला, आणि त्याखाली सर्वांत ताजा बी फॉर्म, त्यावरच्या आवक शिक्क्यासह. बी फॉर्म घेताना एजन्सीच्या माणसाबरोबर फिरून एकदा बघा: सिलिंडरच्या गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पंप सुरू होतो का, होजरीलच्या पेटीत नळी आहे का. कागद वेबसाइटसाठी असला तरी तिसऱ्या मजल्यावर मुलं बसलेली असतात.

इमारत सुरक्षेचं प्रमाणपत्र सगळ्या इमारतींचं आणि सगळ्या मजल्यांचं हवं. नंतर बांधलेली प्री-प्रायमरीची विंग किंवा वाढवलेला मजला राहून जातो. प्रमाणपत्रात ‘तळमजला अधिक दोन’ आणि शाळेच्या फोटोत तीन मजले, हे कोणाच्याही लक्षात येतं. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर महापालिका कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिटही लागतं. शहराच्या जुन्या भागातल्या शाळांनी हे आधी तपासावं. पाणी, आरोग्य आणि स्वच्छता यांचे दाखले एका वर्षापेक्षा जुने ठेवू नका. पाण्याचा नमुना टाकीतून नको, मुलं जिथून पितात त्या नळातून घ्या, आणि कूलरचे नळ असतील तर तिथून वेगळा. महापालिकेचं पाणी येत असलं तरी शाळेची टाकी, पाइप आणि फिल्टर तुमचेच असतात. उन्हाळ्यात टँकर किंवा बोअर वापरत असाल तर त्या पाण्याचाही अहवाल घ्या. गिरणारे, ओझर, सिन्नरकडच्या शाळांना यांतले काही दाखले वेगळ्या कार्यालयांकडून घ्यावे लागतात, कारण हद्द बदलली की सक्षम अधिकारी बदलतो. शेजारच्या शाळेचा कागद बघून अर्ज करू नका, आपली हद्द बघून करा.

शिक्षणाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र किंवा शाळेचं स्वयंप्रमाणपत्र, यांपैकी जे तुम्ही संलग्नतेच्या किंवा मुदतवाढीच्या अर्जासोबत बोर्डाला दिलंत, तेच इथे ठेवा. नव्याने बनवलेलं, वेगळ्या मजकुराचं नको.

या सगळ्या प्रतींवर दोन सह्या लागतात: अध्यक्ष, व्यवस्थापक किंवा सचिव यांपैकी एकाची आणि प्राचार्यांची. एकट्या प्राचार्यांची सही ही नेहमीची चूक आहे. प्रत्येक पानावर सही, शिक्का आणि तारीख घ्या. नमुन्यातच लिहिलेलं आहे की कागद खरे नसल्याचं नंतर आढळलं तर शाळेवर कारवाई होईल, म्हणजे हे पान सही करून दिलेलं निवेदन आहे. त्यामुळे मुदत संपलेल्या प्रमाणपत्राची तारीख ‘जरा दुरुस्त’ करून द्या असं कोणी सांगितलं तर स्पष्ट नकार द्या, ते कोणीही असोत. ज्याच्या संगणकावरून फाइल गेली त्याचंच नाव आधी पुढे येतं. मुदत संपली असेल तर जुनं प्रमाणपत्र, नूतनीकरणाचा अर्ज आणि त्याची आवक पोच अशी तिन्ही एकत्र ठेवा आणि वर ‘नूतनीकरण प्रक्रियेत, अर्ज दिनांक अमुक’ असं लिहा. अपुरं पण खरं पान सावरता येतं.

स्कॅनिंगबद्दल. सही झालेली प्रत मशीनवर २०० डीपीआयला, रंगीत किंवा ग्रे स्केलमध्ये स्कॅन करा. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात घेतलं की निळा शिक्का काळा डाग होतो आणि जावक क्रमांक त्याखाली गडप होतो. मोबाइल अ‍ॅपने काढलेल्या प्रतीत कडेला बोट, टेबलाची कड आणि खाली अ‍ॅपचं नाव येतं, ते टाळा. एक फाइल शक्यतो दोन एमबीच्या आत ठेवा. फाइलचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या आणि त्यात वर्ष घालू नका. नावात वर्ष नसलं की पुढच्या वर्षी त्याच नावाने नवी फाइल चढवता येते, दुवा तोच राहतो आणि पानावर हात लावावा लागत नाही. जुनी फाइल सर्व्हरवरून हटवण्याआधी ऑफिसच्या संगणकावर वर्षवार फोल्डरमध्ये ठेवा. नवी चढवल्यावर ब्राउझरची कॅशे साफ करून उघडा, नाहीतर तुम्हाला जुनीच दिसत राहते.

गुगल ड्राइव्हचा दुवा देऊ नका. शाळेच्या संगणकावर तो उघडतो, कारण तिथे शाळेचंच खातं लॉगिन असतं. बाहेरच्या माणसाला ‘परवानगी मागा’ असं पान दिसतं. तपासणाऱ्याने ते पाहिलं की नोंद ‘कागद उपलब्ध नाही’ अशी होते. फाइल शाळेच्या स्वतःच्या सर्व्हरवरच असू द्या.

निकाल व शैक्षणिक माहितीच्या भागात पहिलं फीचं पत्रक, आणि इथे बोर्डाबरोबर राज्याचा कायदाही लागू होतो. २०११ चा शुल्क विनियमन कायदा सांगतो की पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने मान्य केलेलं शुल्क मराठीत, इंग्रजीत आणि शाळेच्या माध्यमाच्या भाषेत सूचना फलकावर लावायचं, आणि वेबसाइट असेल तर तिथेही. म्हणजे इंग्रजी माध्यमाच्या शाळेलाही मराठी पत्रक लागतंच. मान्य शुल्क दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधलेलं असतं, म्हणून पत्रकावर दोन्ही वर्षं आणि समितीच्या बैठकीची तारीख लिहा. इयत्तावार आणि बाबवार आकडे द्या: शिकवणी, सत्र, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जे असेल ते. ‘इतर शुल्क’ असा एक गोल आकडा ठेवला की पालकांची तक्रार तिथूनच सुरू होते, आणि ती रास्त असते. ‘फीसाठी कार्यालयात संपर्क साधा’ हे तर डिस्क्लोजर नाहीच. मराठी पत्रक युनिकोडमध्ये टाइप करा. ऑफिसात श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर वेबवर चिकटवला की ‘शुल्क’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो.

पालक-शिक्षक संघ शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत स्थापन व्हायला हवा. जूनमध्ये शाळा सुरू होते असं धरलं तर जुलै उजाडल्यावर गेल्या वर्षीची यादी पानावर दिसता कामा नये. शाळा व्यवस्थापन समितीची यादी वेगळी द्या, दोन्ही समित्या एकत्र करू नका. दोन्ही याद्यांत नाव, पद आणि पालक असतील तर पाल्याची इयत्ता एवढं पुरे.

वार्षिक वेळापत्रकात नाशिकपुरती एक गोष्ट येतेय. २०२७ च्या सिंहस्थाच्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत आणि त्या दिवसांत वाहतूक, सुट्ट्या, परीक्षांच्या तारखा हलणार. वेळापत्रक बदललं की जुनं खोडून नवं चढवताना वर ‘सुधारित’ आणि तारीख लिहा, म्हणजे पालकाच्या हातातली छापील प्रत आणि पानावरची प्रत यांत वाद होत नाही.

तीन वर्षांच्या निकालात नमुना नोंदणी झालेले आणि उत्तीर्ण झालेले विद्यार्थी विचारतो. समजा दहावीला ६१ मुलं नोंदली, ६० परीक्षेला बसली, ५८ उत्तीर्ण झाली. ५८ भागिले ६१ म्हणजे ९५.०८ टक्के. पुष्कळ शाळा ५८ भागिले ६० करून ९६.६७ लिहितात. रकाना नोंदणीचा आहे, तर टक्केवारीही त्यावरूनच काढा आणि गैरहजर मुलाचा उल्लेख शेऱ्यात करा. पुरवणी परीक्षेनंतर आकडा बदलला तर तोही शेऱ्यात लिहा. बारावी नसेल तर तो तक्ता काढून टाकू नका, ‘लागू नाही’ असं लिहा. रिकामा रकाना आणि लागू नसलेला रकाना यांतला फरक तपासणाऱ्याला बाहेरून कळत नाही.

शिक्षकांच्या भागात तुकडीमागे दीड शिक्षक हे प्रमाण आहे. चोवीस तुकड्यांना छत्तीस शिक्षक. प्राचार्य, क्रीडाशिक्षक आणि समुपदेशक त्यात धरत नाहीत. छत्तीसमध्ये हे दोघं-तिघं मोजून १.५ लिहिलं असेल तर हजेरीपटावरून ते लगेच उघडं पडतं. विशेष शिक्षक आणि समुपदेशक यांची नावं व पात्रता लिहा, नुसतं ‘आहेत’ नको. पीजीटी, टीजीटी, पीआरटी (अनुक्रमे अकरावी-बारावीचे, सहावी ते दहावीचे आणि प्राथमिकचे शिक्षक) यांची बेरीज एकूण आकड्याशी आणि यू-डायसमध्ये भरलेल्या आकड्याशी जुळते का पाहा. शिक्षक वर्षाच्या मध्येच सोडून जातात, म्हणून हा आकडा दर सत्राच्या सुरुवातीला तपासायचा.

भौतिक सुविधांचा भाग चौरस मीटरमध्ये आहे आणि आपल्याकडची मोजमापं फुटांत, गुंठ्यांत आणि हेक्टर-आरमध्ये. वर्गखोली २५ बाय २० फूट म्हणजे ५०० चौरस फूट, ४६.४५ चौरस मीटर. रकान्यात ५०० लिहिलं तर खोली कागदावर पावणेअकरापट मोठी होते. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन एकर म्हणजे ८,०९४ चौरस मीटर, पण सातबाऱ्यावर ०.८० हेक्टर असेल तर ते ८,००० भरतात. यांतला कोणता आकडा घ्यायचा? संलग्नतेच्या नोंदीत जो आहे तो. फरक दिसला तर पानावर परस्पर बदल करू नका, आधी संस्थेच्या सचिवांना दाखवा. वर्गखोल्या वेगवेगळ्या मापांच्या असतील तर ‘इतक्या खोल्या, इतकं माप’ असे गट करा, सरासरी काढू नका.

शेवटच्या रकान्यात यूट्यूबवरचा व्हिडिओ लागतो. बोर्डाला तिथे शाळेच्या इमारतीचं आणि सुविधांचं चित्रण हवं, गॅदरिंगचं नको. रविवारी चित्रित करा, म्हणजे मुलांचे चेहरे येत नाहीत. फाटकावरच्या पाटीपासून सुरू करा आणि न तोडता वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय, मुलामुलींची स्वच्छतागृहं, पिण्याच्या पाण्याची जागा, रॅम्प, अग्निशमन साधनं असं फिरा. व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ (दुवा असेल त्याला दिसणारा) चालतो, ‘प्रायव्हेट’ चालत नाही.

परिशिष्टाबाहेरच्या दोन गोष्टी लोक विसरतात. एक, शाळेचा सविस्तर वार्षिक अहवाल दर वर्षी १५ सप्टेंबरच्या आत वेबसाइटवर यायला हवा. दुसरी, शाळेने लावलेल्या पुस्तकांची यादी, आणि तिच्याबरोबर ‘आम्ही ही पुस्तकं वाचली आहेत, मजकुराची जबाबदारी आमची’ असं व्यवस्थापक आणि प्राचार्यांच्या सहीचं निवेदन. खाजगी प्रकाशकांची पुस्तकं लावणाऱ्या शाळांनी याकडे काणाडोळा करू नये.

आता काय टाकायचं नाही. माझ्या मते हा भाग वरच्या सगळ्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्यावर नोटीस येत नाही म्हणून तो दुर्लक्षित राहतो. शाळा सोडल्याचे दाखले वेबसाइटवर ठेवायची पद्धत पुष्कळ शाळांत आहे, पडताळणीसाठी. आपल्या महाराष्ट्रातल्या दाखल्यात वरच स्टुडंट आयडी आणि आधार क्रमांक असतो, खाली आईचं नाव, जात-पोटजात, जन्मस्थळ, जन्मतारीख. असा दाखला जसाच्या तसा स्कॅन करून ठेवणं म्हणजे एका मुलाची सगळी ओळख उघड्या पानावर टांगणं. आधार क्रमांक जाहीर प्रसिद्ध करायला आधार कायद्यानेच मनाई आहे. पडताळणी हवी असेल तर दाखला क्रमांक आणि जन्मतारीख घातल्यावर फक्त ‘दिला आहे, अमुक तारखेला’ एवढं दाखवणारं पान करा. ते जमत नसेल तर प्रत चढवण्याआधी आधार, जात आणि आईचं नाव झाका. झाकताना पीडीएफवर काळा चौकोन ओढून भागत नाही. तो चौकोन बाजूला सरकवता येतो आणि खालचा मजकूर कॉपीही होतो. छापील प्रतीवर कागद चिकटवून मग स्कॅन करा, हे सगळ्यात खात्रीचं.

तसंच आरटीईच्या २५ टक्क्यांतून आलेल्या मुलांची यादी, फी थकलेल्यांची यादी, विशेष गरजा असलेल्या मुलांची नावं, शिक्षकांचे पॅन आणि घरचे पत्ते, पालक समितीचे मोबाइल नंबर, हे कुठेही नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. गुणवंतांचे फोटो टाकायचे असतील तर प्रवेश अर्जातच वेगळ्या चौकोनात संमती घ्या आणि ‘नको’ म्हणणाऱ्या पालकांची यादी तुमच्याजवळ ठेवा. उलट सखी सावित्री समिती (शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीची), तक्रारपेटी, अंतर्गत तक्रार समितीचे सदस्य आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर अवश्य ठळक ठेवा. अडचणीतलं मूल किंवा त्याची आई तो शोधत असते.

तांत्रिक बाजू थोडक्यात. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आज बघा. डेव्हलपरच्या नावावर असेल तर ते संस्थेच्या नावावर करून घ्या आणि नूतनीकरणाची आठवण शाळेच्या ईमेलवर येईल असं करा. सर्व्हर, वेबसाइटचं अ‍ॅडमिन आणि यूट्यूब यांचे पासवर्ड बंद पाकिटात प्राचार्यांकडे असावेत. वेबसाइटशी जोडणी सुरक्षित असल्याचं सांगणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्राची मुदत संपली की ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ अशी सूचना दाखवतो आणि तपासणारा पुढे जात नाही. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवा. जुन्या प्लगिनमधून घुसून शाळेच्या डोमेनवर जुगाराच्या जाहिरातींची पानं तयार होतात, तुम्हाला मेनूत ती दिसत नाहीत पण गुगलला दिसतात. आणि डेव्हलपरने दुसऱ्या शाळेचा साचा वापरला असेल तर प्रत्येक ओळ वाचून काढा, दुसऱ्याच शाळेचा ईमेल किंवा भलताच संलग्नता क्रमांक तळाशी राहिलेला असतो.

राज्य मंडळाच्या अनुदानित शाळांना परिशिष्ट ९ लागू नाही, पण माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ (१) (ख) चे सतरा मुद्दे लागतात, आणि ते दर वर्षी अद्ययावत करायचे असतात. जन माहिती अधिकारी आणि अपील अधिकारी बदलले तरी पानावर निवृत्त मुख्याध्यापकांचं नाव राहतं, एवढं तरी तपासा.

दर वर्षीची धावपळ टाळायची तर पहिल्या दिवशी केलेला तक्ताच कामाला येतो. जानेवारी आणि जुलैत बी फॉर्म. एप्रिलमध्ये फी, पुस्तकं, वेळापत्रक आणि शिक्षकसंख्या. निकाल लागल्यावर आठवड्याभरात निकालाचा तक्ता. जुलैत समित्या, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वार्षिक अहवाल. मुदत संपणाऱ्या प्रत्येक कागदाच्या नव्वद दिवस आधीची (आरटीई मान्यतेच्या सहा महिने आधीची) तारीख हेडक्लार्कच्या टेबलवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. पानाच्या तळाशी ‘शेवटचा बदल’ म्हणून तारीख टाका, पण ती आपोआप रोज बदलणारी नको, खऱ्या बदलाची हवी.

तुमच्या हातात आत्ता नोटीस आहे, तर या आठवड्याचा क्रम असा ठेवा. दोन दिवस तक्ता आणि सह्या, एक दिवस स्कॅनिंग, एक दिवस पान. मग घरी जाऊन, शाळेच्या वायफायबाहेर, मोबाइलच्या डेटावर, इन्कॉग्निटो खिडकीत प्रत्येक दुवा उघडा. मुख्य पानापासून सुरुवात करून अंगठ्याने किती वेळा टिचकी मारावी लागते ते मोजा. एखाद्या पालकालाही उघडून बघायला सांगा आणि ते कुठे अडखळतात ते लक्षात घ्या. त्यानंतर बोर्डाला उत्तर द्या: नोटिशीतला प्रत्येक मुद्दा, त्यासमोर काय केलं आणि थेट दुवा. जे प्रलंबित आहे त्यापुढे अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख लिहा. ‘लवकरच अपलोड करू’ असं लिहू नका, त्याला उत्तर धरत नाहीत. उत्तराची प्रत, त्या दिवशीच्या पानाचा तारखेसह स्क्रीनशॉट आणि बोर्डाकडून आलेली पोच, तिन्ही छापून मान्यतेच्या त्याच फाइलीत लावा.